तळणीचं तेल

शनिवार, दिवाळी संपल्यानंतरचा पहिला. मेडनहेड, लंडनजवळ. दुपार.

हजर: अनिरुद्ध, माझा ऑफिसातला साहेब, सांडपाणी विभागाचा प्रमुख, घर त्याचं. मृणाल, त्याची बायको. अनिरुद्धची आई, पुण्याहून सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेली. सगळे त्यांना काकू म्हणतात. सुहास, हॅरोचा, बँकेत. केतकी, त्याची बायको, जन्म आणि शाळा इथलीच, प्रायमरी टीचर. आणि मी. माझा नवरा नव्हता. त्याची हीथ्रोला शिफ्ट होती.

नावं आधीच लिहून टाकते, कारण नंतर जवळजवळ प्रत्येकजण म्हणाला की आपण त्या वेळी आतल्या खोलीत होतो. आत कुणी नव्हतं. सगळे पाटिओच्या दारात उभे होते. हातात फराळाच्या प्लेट्स होत्या.

झालं असं की सिंक तुंबलं. मृणालनं आदल्या दिवशी चकल्या, शेव, शंकरपाळे तळले होते आणि कढईतलं उरलेलं तेल-तूप गरम पाण्याबरोबर सिंकमध्ये ओतलं होतं. आपल्याकडच्या बायका इथे येऊन हे हमखास करतात. पुण्याच्या उन्हात ते वाहून जातं. इथे जमिनीखालच्या थंड पाइपात मेणासारखं गोठतं. आधी सिंकमधलं पाणी उतरेना. मग खालच्या टॉयलेटमधून गुडगुड आवाज यायला लागला. मग पाटिओवरच्या चेंबरच्या झाकणाच्या कडेनं करडं पाणी वर आलं. आणि वास.

"अय्या, अनिरुद्ध, हे बघ काय झालंय!" मृणाल ओरडली. "प्लंबरला फोन कर."

अनिरुद्ध चार्टर्ड इंजिनिअर आहे. सांडपाण्यातलं मोठं नाव. म्हणजे सांडपाण्याच्या ड्रॉइंग्जमधलं. तो दारापर्यंत गेला, वास आला, मागे सरला. रुमाल काढला.

"शनिवारी कुठला प्लंबर? आणि घरात एक्स्पर्ट असताना प्लंबर कशाला?" त्यानं माझ्याकडे पाहिलं. "चल, ऊठ. तुझं तर हे खानदानी काम."

सुहास हसला. काकू हसल्या नाहीत. त्यांना ती गंमत वाटलीच नव्हती. त्या सरळ, व्यवहाराचं बोलल्या.

"तिलाच सांग ना रे. त्यांना नाही काही वाटत त्याचं."

मृणालनं पिवळे रबरी ग्लोव्हज आणले. एक जुना गाऊन आणला. "साडीवरून हा घाल गं. इतकी छान साडी, खराब होईल. आणि नंतर बाहेरच्या नळावरच हात धू हां." तिच्या आवाजात काळजी होती. खरी काळजी. मला त्या काळजीची जितकी किळस आली तितकी चेंबरची आजवर आली नाही.

मी उठले. ग्लोव्हज घातले. गाऊन घेतला नाही.

का उठले, ते सांगते. या देशात डिग्री घेतली की इंजिनिअर म्हणतात, पण मोठ्या कामाच्या कागदावर सही करायची तर चार्टर्ड व्हावं लागतं. त्यासाठी आपल्या कामाचे रिपोर्ट द्यायचे, पॅनलपुढे बसायचं, आणि त्याआधी एका चार्टर्ड इंजिनिअरनं आपला स्पॉन्सर म्हणून सही करायची. त्याशिवाय फॉर्म जातच नाही. फॉर्म गेला नाही तर लीड इंजिनिअरची जागा मिळत नाही. माझ्या हाताखाली शिकून गेलेली पोरं आज माझ्या ड्रॉइंग्जवर सह्या करतात. माझे रिपोर्ट तयार होते. स्पॉन्सर अनिरुद्ध होता. "दिवाळी होऊ दे, मग निवांत करतो सही," असं त्यानं सांगितलं होतं. दिवाळी झाली होती. फॉर्मची मुदत जवळ आली होती.

माझे वडील नागपूरला कॉर्पोरेशनच्या गटारखात्यात होते. मेनहोलमध्ये उतरायचे. अंगात चड्डी, कमरेला दोर, पोटात सकाळचीच दारू, कारण शुद्धीत कुणी त्यात उतरत नाही. दोराचं दुसरं टोक वर त्यांच्या जोडीदाराच्या, उत्तमकाकांच्या हातात. कधी वडील खाली आणि काका वर, कधी उलट. एकदा काका खाली होते आणि दोर हलेना. वडिलांनी ओढला. काका वर आले ते निष्प्राण. मी आठवीत होते. त्यानंतर वडील जेवायला बसले की घास घेण्याआधी स्वतःचा हात हुंगायचे. पुन्हा धुवायला उठायचे. पुन्हा बसायचे, पुन्हा हुंगायचे. भात गार व्हायचा.

आमच्या जातीचं नाव मी इथे लिहीत नाही. लाज वाटते म्हणून नव्हे. वाचणाऱ्यानं लगेच शिडीवर आमची पायरी शोधायला लागू नये म्हणून.

मी पॉलिटेक्निकला सिव्हिल घेतलं. घरातून शिकलेली पहिली. व्हायव्हाला बाहेरून आलेल्या सरांनी माझं आडनाव वाचलं, मान वर केली, आणि विचारलं, "पुढे काय करणार सिव्हिलमध्ये?"

मी म्हटलं, "ड्रेनेज."

ते म्हणाले, "ते बरोबर."

मी त्यांना सांगणार होते की मला असं ड्रेनेज बांधायचं आहे ज्यात माणूस उतरवावाच लागणार नाही. त्यांनी पुढच्या मुलाला हाक मारली होती.

नंतर डिग्री, नोकरी, मग इथे मास्टर्स. इथलं पहिलं काम व्हॅनमधलं. गटारात कॅमेरा सोडायचा आणि स्क्रीनवर पाइपाच्या चिरा बघायच्या. हाउन्सलोपासून रेडिंगपर्यंतच्या रस्त्यांखाली काय आहे ते मला पाठ झालं. पहिल्यांदा मोठ्या गटारात उतरायची वेळ आली तेव्हा अंगाला पट्टे होते, वर तिपाई होती, परमिट होतं, आणि कॉलिन नावाचा एक जाडा माणूस वर फक्त माझ्यासाठी उभा होता. त्याला दुसरं काम करायची परवानगीच नव्हती. थोड्या थोड्या वेळानं ओरडायचा, "ऑल राइट डाउन देअर, लव्ह?" माझ्या छातीवर गॅस मोजायचं यंत्र होतं. तळहाताएवढं. हवा बिघडली की किंचाळतं. मला खाली रडू आलं नाही. राग आला. एवढीशी डबी. उत्तमकाकांच्या गळ्यात ती कुणी का नाही अडकवली? ती महाग नव्हती. काका स्वस्त होते.

हे सगळं अनिरुद्धला कसं माहीत, तर मीच सांगितलं होतं. आमच्याकडे प्रत्येक मीटिंगची सुरुवात सेफ्टी मोमेंटनं होते. कुणीतरी दोन मिनिटं सुरक्षिततेवर बोलायचं. शिडी कशी धरावी, बर्फात गाडी कशी चालवावी. माझी पाळी आली तेव्हा मी दोर सांगितला. वडील सांगितले. उत्तमकाकांचं नाव घेतलं. एकानं पेन खाली ठेवलं. नंतर किटलीपाशी अनिरुद्ध आला.

"बोललीस छान. पण हे असलं यांच्यासमोर कशाला? आपली इमेज काय राहते?"

"कुणाची?"

"अगं, आपली. इंडियन्सची."

मी चहात दूध घातलं आणि जागेवर गेले.

तर पाटिओ. मी गुडघे टेकले. जाड स्क्रूड्रायव्हर मागितला, तो केतकीनं आणून दिला. झाकण उचललं. आत पांढरट पिवळा गोळा बसला होता, पाइपाचं तोंड बंद करून. त्यात शेवेचे तुकडे, ओले वाइप्स, केस. त्याच्यावर सगळ्या घराचं पाणी साठलेलं. वास होता तो होता. मला त्याचं काही वाटत नाही हे काकूंचं म्हणणं खरं आहे. पण ते मी शिकले म्हणून. सर्जनला रक्ताचं वाटत नाही तसं. सर्जनला कुणी जेवणाच्या टेबलावरून "ऊठ, तुझं खानदानी काम" म्हणत नाही.

मागून अनिरुद्धचा आवाज आला. इंग्रजीत, स्टेजवरून बोलावं तसा. "लेडीज अँड जेंटलमेन, आवर व्हेरी ओन एक्स्पर्ट. इट्स इन द डीएनए." मी मान वळवली. त्याच्या एका हातात प्लेट होती, दुसऱ्या हातात फोन. तो व्हिडिओ घेत होता. "इकडे बघ ना. हस की जरा. ऑफिसच्या ग्रुपवर टाकतो."

आणि सुहास म्हणाला, "सेफ्टी मोमेंट, सेफ्टी मोमेंट! अहो, दोर आणू का? कमरेला?"

सगळे हसले. मृणाल तोंडावर हात ठेवून हसली. काकूंना विनोद कळला नाही, पण सगळे हसतात म्हणून त्याही.

सुहास आमच्या ऑफिसात नाही. तो त्या मीटिंगमध्ये नव्हता. म्हणजे अनिरुद्धनं त्याला सांगितलं होतं. माझे वडील, उत्तमकाका, तो न हललेला दोर. जेवणानंतर बडीशेप चघळताना सांगायचा किस्सा म्हणून. नक्कल करूनही सांगितला असेल. किती घरांत सांगितला असेल?

मी झाकण परत बसवलं. नीट, कडेला कड. उठले.

गोळा तिथेच होता. हात घातला असता तर तो थोड्या वेळात निघाला असता, हे मला माहीत होतं. अनिरुद्धला ते माहीत नव्हतं.

"काय झालं?" तो म्हणाला. "निघालं?"

"तुम्ही चार्टर्ड आहात," मी म्हटलं. "घर तुमचं. तेल तुमचं. घाण तुमची. तुम्ही काढा."

आणि ते ओले ग्लोव्हज मी काढले आणि त्याच्या हातातल्या प्लेटमध्ये ठेवले. चिवड्यावर.

"शी!" काकू किंचाळल्या. "बाटवलंन हिनं सगळं!"

बघा, शब्द कसा हजर असतो. सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या बाईच्या सामानात तोही आला होता. कस्टम्सवाल्यांनी लोणच्याची बरणी काढून घेतली म्हणून त्या दुपारभर हळहळत होत्या.

"अगं, मस्करी करतोय आम्ही," मृणाल म्हणाली. "इतकं काय मनाला लावून घ्यायचं सणाचं?"

केतकी एकटी हसायची थांबली होती. "सुहास, व्हॉट रोप?" ती विचारत होती. "कुठला दोर? तू का हसला?"

"काही नाही गं. इट्स अ जोक."

"मग मला सांग ना जोक."

त्यानं सांगितला नाही. मी बाजूच्या फाटकातून बाहेर पडले.

घरी नवरा शिफ्टवरून आला, त्याला सगळं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सही झाल्यावर बोलली असतीस तर?"

"मग ते कागद बघताना दर वेळी मला ते हसणं ऐकू आलं असतं."

"मला तुझं खरं वाटतं गं. पण ती जागा गेली आता."

"हो. गेली."

आणि गेली. सोमवारी अनिरुद्धनं मला काचेच्या छोट्या मीटिंगरूममध्ये बोलावलं. दार लावलं. आधी इंग्रजीत बोलला, जपून, कुणीतरी ऐकत असल्यासारखं. टेक्निकली मी स्ट्राँग आहे. पण चार्टर्ड म्हणजे वागणूकही. दबावाखाली मी कशी वागते याबद्दल त्याच्या मनात शंका आहेत. मग आवाज खाली आणून मराठीत, "घरातली गोष्ट आहे. घरात ठेवू. या राउंडला मी सही नाही करत. पुढच्या वर्षी बघू, तू जरा शांत झालीस की."

"व्हिडिओ आहे का अजून?"

"कुठला व्हिडिओ?"

त्याच दिवशी मी एचआरकडे तक्रार दिली. तिथली जोआन सभ्य बाई आहे. तिनं ऑनलाइन फॉर्म उघडून दिला. भेदभाव कशावरून, त्याचे पर्याय होते: वंश, धर्म, लिंग, वय, अपंगत्व आणि आणखी काही. जात नव्हती. तिनं विचारलं, "इज इट अ बिट लाइक क्लास?" मी म्हटलं, "नाही." क्लास म्हणजे आर्थिक वर्ग; खालच्या वर्गातला मुलगा शिकून वर गेला की वर जातो. आमच्यातली मुलगी गेली तर वरचे तिला चेंबर उघडायला खाली पाठवतात. जोआनला हे कळलं की नाही, माहीत नाही. मी वंशावर टिक केली आणि खाली मोकळ्या जागेत सगळं लिहिलं. कोण हजर होतं तेही. जोआननं सुचवलं की आधी अनौपचारिक बोलणं करून बघावं, दोघांनी, चहा घेत. मी म्हटलं, चहा त्याच्याबरोबर पुष्कळ घेतला आहे.

नावं गेली तसे फोन सुरू झाले. मृणालचा मेसेज आला: "मी तर तुझ्या साडीची काळजी केली. माझं नाव का दिलंस?" सुहासनं फोन केला. एकदम ताईवर आला.

"ताई, ऐका ना माझं. इथे आपण मूठभर माणसं. गोऱ्यांसमोर आपापसातलं कशाला न्यायचं? अनिरुद्धदादांना नोकरीत त्रास होईल."

"हसताना मी ताई नव्हते, सुहास."

"अहो, मी तर आतल्या खोलीत होतो त्या वेळी."

मी फोन ठेवला. बेसिनपाशी गेले, पाण्यानं चूळ भरली. काही खाल्लं नव्हतं, तरी तोंडात तळकट चव होती.

दोन दिवसांनी केतकीचा फोन. तिचं मराठी मोडकं आहे, पण बोलायचं तिनं मराठीतच ठरवलं होतं.

"ताई, मी सुहासला तीन वेळा विचारला. मग त्यानी सांगितला. तुझे बाबांचा फ्रेंड, आणि तो रोप. मला खूप घाण वाटली. आणि मी पण हसली होती ना आधी. थोडा. सगळे हसले म्हणून."

"हो. पाहिलं मी."

"सॉरी नाही बोलत. सॉरीनी काय होणार? मी एचआरला लिहून देते. सगळे तिथेच होते, दारात. आतमध्ये नव्हता कोणी."

"घरी काय म्हणतात?"

"तो बोलत नाही माझ्याशी. बोलेल. नाही तर नाही."

तिनं लिहून दिलं. इंग्रजीत, शाळेतल्या रिपोर्टसारखं, नेमकं. माझ्या बाजूनं उभं राहिलेलं तेवढं एक माणूस. तिच्या घरात त्यानंतर काय चाललं आहे ते मी विचारत नाही.

राहता राहिला स्पॉन्सर. दुसऱ्या विभागात गॅरेथ आहे, वेल्सचा, निवृत्तीला आलेला, चार्टर्ड. माझं काम त्यानं पहिल्यापासून पाहिलं आहे. पाइपाचा आवाज ऐकून पाणी कुठे अडलं ते ओळखायला त्यानंच शिकवलं. मी त्याला कँटीनमध्ये गाठलं. सगळं सांगितलं, तक्रारीसकट.

त्यानं कप बाजूला केला. "सही मी आज करतो. आत्ता करतो." मग इकडेतिकडे पाहिलं. "फक्त ती दुसरी गोष्ट जरा थांबव. मागे घे, तू पास होईपर्यंत. पॅनलवरची माणसं एकमेकांना ओळखतात. पाणी गढूळ करू नकोस."

"आणि पास झाल्यावर?"

"तेव्हा तुझी बाजू भक्कम असेल."

"तक्रार ठेवून सही कराल?"

त्यानं कप पुन्हा पुढे ओढला. "मला तुझं भलं हवंय," म्हणाला.

त्याला माझं भलं हवं आहे, यात शंका नाही. नवऱ्यालाही हवं होतं. अनिरुद्धसारख्यांची मला किळस येते, पण तिची सवय आहे; ती अंगावर येते आणि धुतली जाते. या भल्या माणसांची किळस बसून राहते. घाण त्यांना दिसते. नाकाला रुमाल लावतात. आणि ज्याच्या अंगावर ती फेकली त्यालाच सांगतात, जरा हळू बोल, आत्ता नको, आधी तुझं काम होऊ दे. माझ्या वडिलांना आयुष्यभर हेच सांगितलं गेलं. आधी पर्मनंट हो, मग बोल. आधी क्वार्टर मिळू दे, मग बोल. ते निवृत्त झाले तरी बोलायची वेळ आली नव्हती.

मी गॅरेथला थँक्यू म्हटलं. सही घेतली नाही.

फॉर्मची मुदत शुक्रवारी संपली. माझा फॉर्म गेला नाही. लीडच्या जागेवर दुसरा माणूस आला. सोमवारी त्याला मीच साइट दाखवली. तक्रारीची सुनावणी ठरली आहे. अनिरुद्धनं लेखी उत्तर दिलं आहे की आपल्याकडे जातपात मानत नाहीत, त्याचा स्वतःचा ड्रायव्हर पुण्यात कुठल्याही जातीचा असे.

मी तक्रार मागे घेणार नाही. मी चार्टर्डही होणार आहे. दोन्ही. एकासाठी दुसरं सोडणार नाही, पुढच्या राउंडला नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही.

रिपोर्ट तयार आहेत. ड्रॉइंग्ज जोडली आहेत. केतकीचं निवेदन फाइलला आहे. स्पॉन्सरच्या नावाची जागा रिकामी आहे. तिथे असं नाव हवं ज्याला मी तक्रारीसकट चालेन. ब्रिस्टलच्या एका चार्टर्ड बाईंचा नंबर मिळाला आहे. ओळख नाही. फोनवर पहिलं वाक्य तक्रारीचं बोलायचं, काम नंतर सांगायचं, हे ठरवलं आहे. तो फोन अजून करायचा आहे.